नाव मोठे, लक्षण खोटे? : ख्यातनाम रॉक बँडच्या अतिमूल्यांकनाचा वाद आणि श्रेयाचा प्रश्न

सारांश

अमुक एक ख्यातनाम रॉक बँड त्याच्या योग्यतेपेक्षा अधिक नावाजला गेला आहे, असे विधान आजचा तरुण श्रोता सहजपणे करतो. प्रस्तुत लेखात या विधानाचे तार्किक स्वरूप तपासले असून बीटल्स, रोलिंग स्टोन्स, लेड झेपलिन, पिंक फ्लॉइड व क्वीन या बँडच्या संदर्भात त्याची चिकित्सा केली आहे. बँडच्या नावावर जमा झालेल्या ख्यातीत इतरांच्या श्रेयाचा किती वाटा आहे, हे तपासल्याशिवाय अतिमूल्यांकनाचा आरोप सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने मुंबईत व लंडनमध्ये या बँडसाठी वाजविणाऱ्या भारतीय वादकांचा विशेष विचार केला आहे.

बीजशब्द : रॉक संगीत, जनप्रिय संगीत, अभिरुची, अतिमूल्यांकन, श्रेयनिर्देश

१. प्रस्तावना

गेल्या हिवाळ्यात पदवी वर्गाच्या विद्यार्थ्यांची एक अभ्याससहल प्रस्तुत लेखकाने रायगड जिल्ह्यातील आक्षी येथे नेली होती. शके ९३४ चा म्हणून ओळखला जाणारा तेथील मराठी शिलालेख विद्यार्थ्यांना दाखविणे, हा सहलीचा हेतू होता. मुक्काम शेजारच्याच नागावला, नारळी-पोफळीच्या एका वाडीत होता. रात्रीची जेवणे आटोपल्यावर मंडळी किनाऱ्यावरील सुरूच्या झाडांखाली जमली. कोणीतरी छोटा ध्वनिक्षेपक आणला होता. त्यावर पाश्चात्त्य रॉक संगीत सुरू झाले आणि पाहता पाहता वादाला तोंड फुटले.

वादाचा विषय होता, कोणता प्रसिद्ध बँड 'ओव्हररेटेड' आहे. एकाने बीटल्सचे नाव घेतले. दुसरा म्हणाला, "बीटल्सना काही म्हणू नकोस, खरा फुगवलेला बँड पिंक फ्लॉइड." एका विद्यार्थिनीने क्वीनला मोडीत काढले, तर एकाने कोल्डप्लेचे नाव घेताच सगळेच हसले. अखेरीस सर्वांनी मोर्चा शिक्षकाकडे वळविला : "सर, तुम्ही सांगा." सरांनी तेव्हा वेळ मारून नेली. अभिरुची ज्याची त्याची असते, असे काहीसे गुळमुळीत उत्तर दिले. दरम्यान गावाच्या बाजूने एका वरातीतील खालूबाजाचे सूर येऊ लागले होते. ते आपल्या गाण्यात मिसळतात म्हणून एका विद्यार्थ्याने ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढविला.

त्या गुळमुळीत उत्तराची भरपाई करणे, हा या लेखाचा एक हेतू आहे. मात्र वादाचा निकाल लावण्यापूर्वी हा वाद नेमका कशाविषयी आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

२. विधानाचे स्वरूप

'हा बँड मला आवडत नाही' आणि 'हा बँड अतिमूल्यांकित आहे' ही दोन विधाने एकच नव्हेत. पहिले विधान वक्त्याच्या मनाविषयी आहे आणि त्याचा प्रतिवाद संभवत नाही. दुसरे विधान मात्र तीन गोष्टी गृहीत धरते : समाजात त्या बँडचे काही एक मूल्यांकन प्रचलित आहे, त्या बँडचे काही एक उचित मूल्य आहे, आणि या दोहोंत तफावत आहे. म्हणजेच असा आरोप करणारा श्रोता संगीताविषयी जेवढे बोलतो, तेवढेच इतर श्रोत्यांविषयीही बोलतो. रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथामुळे मराठी अभ्यासकांना कांटची भूमिका परिचित आहे. सुखद वस्तूविषयी आपण फक्त स्वतःपुरते बोलतो, परंतु सुंदर वस्तूविषयी बोलताना इतरांच्याही संमतीची अपेक्षा बाळगतो, हा कांटचा विचार येथे तंतोतंत लागू पडतो. नागावच्या किनाऱ्यावर वाद घालणारे विद्यार्थी परस्परांची संमती मागत होते. त्यांना 'ज्याची त्याची आवड' असे सांगणे म्हणजे त्यांचा प्रश्नच नाकारणे होय.

प्रचलित मूल्यांकन म्हणजे काय, याविषयीही बराच गोंधळ आढळतो. त्यात किमान चार वेगळे तराजू एकत्र केले जातात : खप, तिकिटाचा भाव, उत्तरकालीन प्रभाव आणि कलागुण. पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा १९७३ मधील संग्रह १९८८ पर्यंत अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या यादीत एकूण ७४१ आठवडे टिकला, हा खपाचा पुरावा आहे. कोल्डप्लेचे जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये तिकीटविक्री सुरू होताच संकेतस्थळ कोलमडले आणि काळ्या बाजाराच्या तक्रारी मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेल्या. हा भावाचा पुरावा आहे, गुणांचा नव्हे. याउलट व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या न्यूयॉर्कच्या बँडचा १९६७ मधील पहिला संग्रह त्या काळी फारसा खपला नाही, परंतु पुढील पिढ्यांतील असंख्य वादकांनी त्यापासून प्रेरणा घेतली. हा प्रभावाचा तराजू होय.

या चारपैकी कोणत्या तराजूत बँड जड भरला आणि कोणत्यात हलका, हे न सांगता केलेला अतिमूल्यांकनाचा आरोप निरर्थक असतो. कोल्डप्लेच्या तिकिटाचा भाव अवाजवी होता, एवढ्यावरून त्यांच्या चालींविषयी काहीच सिद्ध होत नाही.

३. मराठी पूर्वपरंपरा : संयुक्त मानापमान

अशा वादांची सवय मराठी रसिकाला नवी नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था त्यासाठी एकत्र आल्या. बालगंधर्वांनी भामिनीची व केशवराव भोसले यांनी धैर्यधराची भूमिका केली. गंधर्व श्रेष्ठ की केशवराव, या प्रश्नावर रसिकांचे दोन तट पडले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवरावांचे अकाली निधन झाल्याने तो प्रश्न कायमचा अनिर्णित राहिला.

या प्रसंगाची रॉक बँडच्या वादाशी तुलना केली असता एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. 'मानापमान'ची पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि गायक-नट निराळे. कोणाचे काय, हे रसिकाला ठाऊक होते, त्यामुळे गायकाच्या गुणदोषांची चर्चा त्याच्या गायनापुरती मर्यादित ठेवता येत असे. किंबहुना संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदाच्या माथ्यावर 'चाल' असा निर्देश करून ती कोणत्या मूळ गाण्यावरून घेतली, हे नमूद करण्याची प्रथा होती. उसनवारी होती, पण ती उघड होती.

१९६० नंतरच्या रॉक बँडने मात्र कवी, संगीतकार, वादक आणि गायक या साऱ्या भूमिका एकाच नावाखाली आणल्या. चार-पाच तरुणांचा स्वयंपूर्ण गट, ही या संगीताची मोठी आकर्षक प्रतिमा होय. या प्रतिमेमुळे श्रोता जे जे ऐकतो, ते ते सर्व बँडच्याच नावे जमा होते. अतिमूल्यांकनाची शक्यता येथेच निर्माण होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

४. ख्यातीचे चढउतार

ध्वनिमुद्रण एकदा झाले की बदलत नाही. त्याचे मूल्यांकन मात्र बदलत राहते. याचे उत्तम उदाहरण क्वीन हा बँड आहे. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारुख बलसारा, याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि तेथेच त्याने सहाध्यायांसमवेत 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड काढला. १९७० च्या दशकात क्वीनला श्रोते भरपूर लाभले, परंतु समीक्षकांची मर्जी लाभली नाही. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकात १९७९ मध्ये 'जॅझ' या संग्रहाचे परीक्षण करताना डेव्ह मार्श यांनी या बँडच्या वृत्तीला थेट फॅसिस्ट ठरविले होते. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमात क्वीनने केलेले सादरीकरण आज आदर्श मानले जाते, आणि २०१८ मधील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटाने एक नवी पिढी या बँडकडे वळविली. गाणी तीच राहिली. बदलले ते श्रोते, माध्यमे आणि बँडभोवतीची कथा.

याच नियतकालिकाने २००३ मध्ये सर्वकालीन श्रेष्ठ ५०० संग्रहांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा पहिले स्थान बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' (१९६७) या संग्रहाला मिळाले होते. २०२० मध्ये नव्याने मतदान घेऊन यादी पुन्हा तयार करण्यात आली. त्यात हा संग्रह २४ व्या स्थानी गेला आणि मार्विन गे या कृष्णवर्णीय गायकाचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१) पहिला आला. सतरा वर्षांत बीटल्सचे संगीत तेवीस पायऱ्यांनी खालावले, असे कोणी म्हणणार नाही. मतदार बदलले, इतकाच याचा अर्थ.

मग सर्वच मूल्यांकन सापेक्ष मानून वाद सोडून द्यावा काय? तसे वाटत नाही. आक्षीच्या शिलालेखाचे उदाहरण घेता येईल. आद्य मराठी शिलालेखाचा मान पाठ्यपुस्तकांनी दीर्घकाळ श्रवणबेळगोळला दिला. पुढे शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनामुळे आक्षीचा दावा पुढे आला. आक्षीचा दगड तोच होता, त्याचे वाचन बदलले. पण वाचन बदलले ते लहरीने नव्हे. त्यासाठी अक्षरे पुन्हा तपासावी लागली. संगीताच्या मूल्यांकनातही पुनर्वाचन असेच पुराव्याने व्हावयास हवे. बँडच्या संदर्भात हा पुरावा म्हणजे कोणी काय केले, याची नोंद होय.

५. तीन दाव्यांची तपासणी

प्रथम लेड झेपलिन. या बँडचा वाद्यमेळ, विशेषतः जॉन बॉनमचे ड्रमवादन आणि जिमी पेजची ध्वनिरचना, यांविषयी फारसे दुमत नाही. प्रश्न रचनेच्या श्रेयाचा आहे. 'होल लॉटा लव्ह' (१९६९) या त्यांच्या गाजलेल्या गाण्याविषयी ब्लूज परंपरेतील ज्येष्ठ रचनाकार विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा दाखल केला. मडी वॉटर्स यांनी १९६२ मध्ये गायिलेल्या आपल्या रचनेवरून ते घेतले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि पुढे डिक्सन यांचे नाव श्रेयनामावलीत आले. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' या गाण्याबाबत जेक होम्स यांच्याशीही २०१२ मध्ये असाच समेट झाला. याउलट 'स्टेअरवे टू हेवन' या गाण्यावरील आरोप अमेरिकन न्यायालयांत टिकला नाही, हेही नमूद करणे न्यायाचे ठरेल. २०१६ च्या ज्यूरीचा निर्णय अपील न्यायालयाने २०२० मध्ये कायम केला.

उसनवारी हा येथे दोष नाही. ब्लूज संगीत उसनवारीवरच जगले आहे, आणि आपल्या नाट्यसंगीतानेही उत्तरेकडील ठुमऱ्या, कर्नाटकी चाली व पारशी रंगभूमीवरील गाणी मुक्तपणे घेतली. दोष आहे तो 'चाल' हा शब्द गाळण्याचा. संगीत नाटकाच्या पुस्तकात जे एका ओळीत नोंदले जात असे, त्यासाठी विली डिक्सन यांना वकील करावा लागला. म्हणून लेड झेपलिनविषयीचा निर्णय असा देता येईल : वादक म्हणून त्यांची ख्याती योग्य, रचनाकार म्हणून निश्चितच अवाजवी.

दुसरा दावा पिंक फ्लॉइडचा. 'या बँडचा मला तिरस्कार आहे' अशा अर्थाची अक्षरे असलेला सदरा घालून सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन १९७० च्या दशकात फिरत असे. अतिमूल्यांकनाचा याहून प्रसिद्ध आरोप रॉकच्या इतिहासात नसेल. सफाईदारपणा, लांबण आणि श्रीमंती थाट यांवर त्याचा रोख होता. पुढे त्यानेच 'द डार्क साइड ऑफ द मून' आपल्याला आवडत असल्याची कबुली दिली, ही गमतीची बाब. त्या संग्रहाचे शिल्प खरोखरच घट्ट आहे. घड्याळांचे ठोके, नाण्यांचा खणखणाट, हृदयाचे स्पंदन हे ध्वनी केवळ सजावट म्हणून येत नाहीत, ते गाण्यांना एका सूत्रात ओवतात. लांबणीचा आरोप या संग्रहाला लागू होत नाही.

तथापि याच संग्रहातील 'द ग्रेट गिग इन द स्काय' या रचनेचा विचार करू. या रचनेच्या गायनात शब्द नाहीत. आहे ती एका स्त्रीकंठाची, शोक आणि आकांत यांच्या सीमेवरील आलापी. ती क्लेअर टॉरी या गायिकेने स्टुडिओत उत्स्फूर्तपणे गायिली आणि तिला त्याबद्दल ३० पौंड मानधन मिळाले. २००४ मध्ये तिने दावा केला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर स्वररचनेतील तिचा वाटा श्रेयनामावलीत मान्य झाला. म्हणजे तीन दशकांहून अधिक काळ लक्षावधी श्रोते या आलापीचे श्रेय पिंक फ्लॉइडच्या रचनेला देत होते. आलापीचे मूल्य वाजवीच होते. ते चुकीच्या खात्यावर जमा झाले होते.

तिसरा दावा रोलिंग स्टोन्सचा. १९६८ ते १९७२ या चार-पाच वर्षांत या बँडने दिलेले चार संग्रह रॉकच्या गाभ्याशी आहेत, याविषयी प्रस्तुत लेखकाला शंका नाही. परंतु एप्रिल २००३ मध्ये हा बँड मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आला, तेव्हा प्रेक्षक मुख्यतः तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गाणी ऐकावयास जमले होते. मुद्दल जुने होते आणि व्याज चालू होते. येथे इतर कोणाचे श्रेय घेतलेले नाही. तरुण स्टोन्सचे श्रेय वृद्ध स्टोन्सच्या नावे वर्ग झाले, इतकेच. हा अतिमूल्यांकनाचा सौम्य आणि बऱ्याच अंशी क्षम्य प्रकार म्हणता येईल.

६. ज्यांचे मूल्यांकनच झाले नाही

आता बीटल्स. नागावच्या वादात सर्वांत आधी त्यांचेच नाव निघाले होते. चालींची विविधता, संवादी गायन आणि अवघ्या सात-आठ वर्षांत केलेला प्रवास पाहता गीतकार-संगीतकार म्हणून त्यांना अतिमूल्यांकित म्हणणे कठीण आहे. परंतु त्यांच्याविषयीचे एक प्रचलित विधान तपासण्याजोगे आहे. ते म्हणजे, बीटल्सनी भारतीय संगीत रॉकमध्ये आणले.

बीटल्सच्या गाण्यात सतार प्रथम ऐकू आली ती डिसेंबर १९६५ मध्ये. त्यापूर्वी, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, किंक्स या दुसऱ्या ब्रिटिश बँडचे 'सी माय फ्रेंड्स' हे गाणे प्रसिद्ध झाले होते. त्यात सतार नाही, पण गिटारचा एक स्वर तंबोऱ्यासारखा सतत घुमत राहतो. या गाण्याचे मूळ रचनाकार रे डेव्हिस यांनी स्वतः सांगितले आहे. १९६५ च्या आरंभी ऑस्ट्रेलियाला जाताना त्यांचा मुंबईत मुक्काम झाला. भल्या पहाटे समुद्रकिनाऱ्यावर कामाला निघालेल्या मच्छीमारांचे गाणे त्यांच्या कानी पडले आणि ते मनात राहिले. भारतीय स्वराचा रॉकमधील हा प्रवेश रविशंकरांच्या सतारीआधी मुंबईच्या किनाऱ्यावरून झाला, असे म्हणावयास आधार आहे. त्या मच्छीमारांची नावे कोणत्याही तबकडीवर नाहीत.

बीटल्सच्या पुढील ध्वनिमुद्रणांत श्रेयाची नोंद कशी बदलत गेली, हेही उद्बोधक आहे. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या संग्रहातील 'लव्ह यू टू' या गाण्यात तबला वाजविला तो लंडनस्थित अनिल भागवत यांनी, आणि संग्रहाच्या वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. बीटल्सच्या वेष्टनावर बाहेरच्या वादकाचे नाव येणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. पुढच्याच वर्षी 'सार्जंट पेपर्स'मधील 'विदिन यू विदाउट यू' या गाण्यात दिलरुबा, तबला व तंबोरा वाजविणाऱ्या भारतीय वादकांची नावे मात्र वेष्टनावर आली नाहीत. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा आणि नटवर सोनी ही नावे सर्वांसमोर येण्यास २०१७ साल उजाडावे लागले, म्हणजे तब्बल पन्नास वर्षे लागली. त्या गाण्यावर बीटल्सपैकी एकटे जॉर्ज हॅरिसन आहेत. त्याच संग्रहावर वाजविणाऱ्या पाश्चात्त्य व्हायोलिनवादकांचीही नावे वेष्टनावर नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे. त्यामुळे या अनुल्लेखाला केवळ वर्णभेद म्हणणे अपुरे ठरेल. बँडचे नाव मोठे ठेवण्यासाठी इतर सर्वांना पडद्याआड ठेवणारी ती व्यवस्था होती.

जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईच्या एच. एम. व्ही. स्टुडिओत आले. तेथे 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित झाले आणि 'द इनर लाइट' या बीटल्सच्या गाण्याचा वाद्यमेळही. या गाण्यात आशिष खान यांची सरोद आणि हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. हॅरिसन यांच्या स्वतःच्या 'वंडरवॉल म्युझिक' या संग्रहावर शिवकुमार शर्मा, विनायक व्होरा, एस. आर. केंकरे आदी वादकांची नावे नोंदली गेली. 'द इनर लाइट' मात्र मार्च १९६८ मध्ये तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर फक्त बँडच्या नावाने प्रसिद्ध झाले. एकच शहर, एकच स्टुडिओ, तेच दिवस. एका ठिकाणी नावे आहेत, दुसऱ्या ठिकाणी नाहीत. फरक एवढाच की दुसऱ्या तबकडीवर 'बीटल्स' हे नाव होते.

चार वर्षांनी, १९७२ मध्ये, लेड झेपलिनचे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि येथील वादकांसह त्यांनी आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले. ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले २०१५ मध्ये, आणि त्या वादकांसाठी गाण्यांच्या शीर्षकाला जोडलेले नाव आहे 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. हे नाव वाचताना चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही सबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोमंतकीय संयोजकांचे काम प्रत्येक घरात पोहोचले, नावे मात्र कितीतरी उशिरा पोहोचली. तेव्हा हा दोष केवळ पाश्चात्त्यांचा म्हणून हात झटकण्याचा अधिकार आपल्याला नाही.

७. एक आक्षेप

या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. संगीत ही सामूहिक कला असून बँड हा त्याच्या घटकांच्या बेरजेहून अधिक असतो. अनिल भागवतांचा तबला कितीही सुरेख असला तरी 'लव्ह यू टू' हे गाणे हॅरिसन यांच्या कल्पनेशिवाय जन्मलेच नसते. वेष्टनावरील नावे वाचून गाण्याचा आनंद वाढत नाही की घटत नाही. शिवाय लोकसंगीतात अनामिकता हा दोष मानला जात नाही. ओवी कोणी रचली, हे आपण विचारीत नाही.

या आक्षेपातील पहिला भाग मान्य करावयास हवा. श्रेयनिर्देश म्हणजे कलामूल्य नव्हे, आणि नावांची यादी पुरी केली म्हणजे समीक्षा पुरी झाली असे नाही. परंतु येथे प्रश्न आनंदाचा नसून मूल्यांकनाचा आहे. मूल्यांकन करताना आपण कर्त्याला उद्देशून गुण देतो, मग कर्ता कोण हे पाहणे क्रमप्राप्त होते. अनामिकतेविषयी असे म्हणता येईल की ओवीवर कोणीच मालकी सांगत नाही, म्हणून तेथे कोणाचे काही हिरावले जात नाही. जेथे एकाचे नाव झळकते, मानधन व स्वामित्वधन त्याला मिळते आणि दुसरा अनामिक राहतो, तेथील अनामिकता लोकपरंपरेची नव्हे. तो हिशेबातील दोष होय.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, 'अतिमूल्यांकित' हे विशेषण बँडला लावण्यापूर्वी कोणत्या तराजूविषयी बोलत आहोत, हे स्पष्ट केले पाहिजे. दुसरा, केवळ लोकप्रियता किंवा केवळ तिटकारा हा या आरोपाचा पुरावा ठरत नाही, क्वीनच्या बाबतीत समीक्षकांचीच फजिती झाली. तिसरा आणि महत्त्वाचा, ज्या प्रमाणात बँडच्या नावावर दुसऱ्याचे श्रेय जमा झाले आहे, त्या प्रमाणात तो बँड अतिमूल्यांकित आहे. या कसोटीवर लेड झेपलिन रचनाकार म्हणून उतरत नाही, पिंक फ्लॉइड एका मोठ्या दुरुस्तीनंतर उतरतो, रोलिंग स्टोन्स आपल्याच पूर्वपुण्याईवर उभा दिसतो, आणि बीटल्स गीतकार म्हणून उतरतात पण भारतीय संगीताचे अग्रदूत म्हणून नाही.

महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने याला एक व्यावहारिक बाजूही आहे. विद्यार्थी असे वाद घालतात तेव्हा ते संगीतसमीक्षेच्या उंबरठ्यावर उभे असतात. त्यांना 'ज्याची त्याची आवड' असे सांगून परत पाठवू नये. हे कोणी वाजविले, ही चाल कोठून आली, हे नाव येथे का नाही, असे प्रश्न विचारावयास शिकविले तर तो वाद अभ्यास होऊ शकतो. ज्या विद्यार्थ्यांना शिलालेखातील झिजलेले अक्षर लावून पाहण्याचे शिक्षण आपण देतो, त्यांना तबकडीच्या वेष्टनावरील कोरी जागाही वाचता आली पाहिजे.

हा धडा प्रस्तुत लेखकानेही पुरता गिरविला आहे, असा दावा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नागावहून निघताना रस्त्याच्या कडेला टेम्पोची वाट पाहणारे चार वादक दिसले. सनई, ढोल, टिमकी आणि झांज पांढऱ्या कापडात बांधलेली होती. आदल्या रात्रीच्या वरातीतील खालूबाजा तो हाच असावा. रात्रभर आम्ही लिव्हरपूलच्या चौघांवर वाद घातला होता. या चौघांची नावे आमच्यापैकी कोणीही विचारली नाहीत, आणि बसमध्ये हजेरी घेण्याच्या घाईत त्यांच्या शिक्षकानेही विचारली नाहीत.